इटलींत ऐकलेलें गाणें

परदेशांतून परतलेल्या माणसास पहिल्या आठवड्यांत दोन प्रश्न हटकून येतात. तेथें जेवणाखाण्याचें काय केलेंत, हा पहिला. आणि एकंदर खर्च किती आला, हा दुसरा. आम्ही इटलींतून आलों तेव्हां हे दोन्ही प्रश्न झाले व त्यांचीं आम्हीं यथाशक्ति उत्तरें दिलीं. परंतु आमच्या घरांत वयानें सर्वांत वडील अशा ज्या आत्याबाई आहेत, त्यांनीं तिसराच प्रश्न काढला. "तिथलें गाणें शेवटच्या रांगेंत ऐकूं येतें का?" असें त्यांनीं विचारलें. ह्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां एक सबंध दुपार गेली, आणि तरीहि तें पुरें झालें असें आम्हांस वाटलें नाहीं. म्हणून ह्या महिन्याचें हें पान त्याच उत्तराकडे लावीत आहों. आत्याबाईंना नेमका हाच प्रश्न कां पडावा, हें कोल्हापूरच्या वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. इतरांसाठीं तें ओघानें सांगूं.

मूळ बेत गाण्याचा नव्हताच. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनींत म्यूनिक येथें बिऱ्हाड करून आहे. त्याच्या घरीं पाळणा हालला, म्हणून गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तिकडे गेलों. बारसें आटोपल्यावर तो म्हणाला, "काका, इथवर आलांच आहांत, तर आल्प्स ओलांडून इटली पाहून घ्या, मी बरोबर येतों." आम्हीं रुकार दिला, पण दोन अटींवर. फ्लॉरेन्स येथें आपल्या छत्रपति राजाराम महाराजांची छत्री आहे, तिचें दर्शन घ्यावयाचें ही एक. आणि निदान एक रात्र तेथील गाणें तेथील लोकांत बसून ऐकावयाचें ही दुसरी. पहिली अट वास्तविक आत्याबाईंची. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं पंचगंगेच्या पाण्याची एक लहानशी बाटली आमच्या सौ.च्या हातीं देऊन ठेवली होती. हल्लींच्या पंचगंगेचें पाणी तें. आधीं गाळून व उकळून घ्यावें लागलें, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

रोमपासून आरंभ करून उत्तरेकडे चढत यावयाचें असा क्रम ठरला. रोममध्यें आम्ही तीन दिवस होतों. त्यांतला बराचसा वेळ रांगांत उभे राहण्यांत व उरलेला सावली शोधण्यांत गेला. त्या नगरीचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, त्यांत आम्ही भर घालीत नाहीं. मात्र कोलोसियमसमोर उभें राहिल्यावर कोल्हापूरच्या माणसाचें मन एकदम घरीं येतें, तेवढें नमूद केलें पाहिजे. सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठीं शाहू महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले. त्या प्रवासांत इ. स. ८० मध्यें खुलें झालेलें हें अजस्र रिंगण त्यांनीं पाहिलें आणि त्यावरूनच खासबागेच्या कुस्ती-मैदानाची कल्पना त्यांच्या मनांत आली, असें आमच्याकडे सांगतात. मैदान १९१२ सालीं पुरें झालें. (महाराज त्या प्रवासांत असतांनाच, २६ जुलै १९०२ रोजीं, संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या पणजोबांना तो मुळींच मानवला नव्हता. पणजोबा चुकले होते, असें आमचें मत आहे. पण तो विषय निराळा.) मध्यें हौदा आणि सभोंवार चढत गेलेला उतार; लहानपणीं ज्या उतारावर बसून आम्हीं कुस्त्या पाहिल्या, त्याचें मूळ हें, असें मनांत येऊन त्या रणरणत्या उन्हांतहि बरें वाटलें. परंतु कोलोसियम आज मुकें आहे. क्वचित् एखादा समारंभ होत असेल तो असो. एरव्हीं माणसें येतात, त्याच्याकडे पाठ करून स्वतःचें छायाचित्र घेतात आणि जातात.

रोमहून फ्लॉरेन्सला आगगाडीनें सुमारें दीड तास लागतो. तेथील चित्रें व पुतळे पाहण्यासाठीं जग लोटतें. आम्हीं एका दिवसांत जेवढीं पाहवलीं तेवढीं पाहिलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही आर्नो नदीच्या कांठच्या मोठ्या उपवनाकडे वळलों. ह्या उपवनाच्या नांवाचा उच्चार ‘काशीने’ असा कांहींसा होतो, आमच्या सौ.ना तो शुभशकुन वाटला. नदीच्या उजव्या तीरानें तें तीन किलोमीटरांहूनहि अधिक लांब पसरलेलें आहे. त्याच्या शहराकडील टोंकाशीं एक नवें संगीतगृह आहे. ‘माज्जो’ म्हणजे मे महिना. त्या महिन्याच्या नांवानें चालणारा फ्लॉरेन्सचा संगीतोत्सव १९३३ सालीं सुरू झाला, त्याचें हें घर. तेथील जाहिराती वाचून आम्ही पुढें चाललों, कारण आमचें काम दुसऱ्या टोंकाला होतें. त्या टोंकाला मुन्योने नांवाची लहानशी नदी आर्नोला मिळते.

राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासास निघाले तेव्हां अवघे वीस वर्षांचे होते. इंग्लंडांतील मुक्काम आटोपून स्वदेशीं परत येतांना वाटेंत त्यांची प्रकृति बिघडली व ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला. इटलीचें राज्य तेव्हां नवें होतें आणि फ्लॉरेन्स ही त्याची त्या वेळची राजधानी. प्रेत जाळण्याची चाल त्या मुलखांत नव्हती. तेव्हां बरोबरच्या मंडळींनीं खटपट करून अधिकाऱ्यांकडून खास परवानगी मिळविली व रात्रीच्या वेळीं दोन नद्यांच्या ह्या संगमावर हिंदु रीतीप्रमाणें दहन केलें. परक्या देशांत, हिंवाळ्याच्या अपरात्रीं, संगम शोधून काढून आपल्या कोंवळ्या धन्यास अग्नि देणाऱ्या त्या माणसांची काय अवस्था झाली असेल! कोल्हापूरपर्यंत ही बातमी पोंचविण्याचें काम ज्याच्या वांट्यास आलें असेल त्याचीहि आम्हांस कींव आली.

त्या जागीं १८७४ सालीं छत्री उभारली गेली. आंतील अर्धपुतळा फुलर नांवाच्या इंग्रज शिल्पकाराचा. फेटा, मोत्यांचे अलंकार, सर्व रंगविलेलें. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट ह्या लष्करी इंजिनियराचा. आपल्या कोल्हापूरचा टाउन हॉल व नवा राजवाडा ज्यानें आंखला तोच हा मँट. तेव्हां छत्रीचे खांब पाहतांच ओळखीचें माणूस भेटल्यासारखें होतें, ह्यांत नवल नाहीं. महाराजांनीं प्रवासांत इंग्रजींत रोजनिशी ठेवली होती. कॅप्टन वेस्ट ह्यांनीं ती १८७२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केली. आमच्या राजाराम कॉलेजाच्या नांवांतील राजाराम ते हेच. फ्लॉरेन्सच्या लोकांना हा इतिहास ठाऊक असो वा नसो, त्यांच्या बोलण्यांत ही जागा ‘हिंदी माणसाची’ म्हणूनच आहे. जवळच १९७८ सालीं आर्नोवर जो मोठा पूल झाला, त्यालाहि त्यांनीं हिंदी माणसाचा पूल हेंच नांव दिलें.

सौ.नीं पादत्राणें काढलीं, छत्रीच्या कडेच्या मातींत पंचगंगेचें पाणी सोडलें, आणि आम्हीं हात जोडले. कुत्र्याला फिरावयास घेऊन निघालेले एक वृद्ध गृहस्थ थबकून हें पाहत होते. त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. आमचें आटोपेपर्यंत टोपी काढून उभे राहिले व मग आपल्या वाटेनें गेले. पुतण्या मात्र बराच वेळ बोलेना. घर सोडून जर्मनींत आला तेव्हां तोहि जवळजवळ त्याच वयाचा होता.

जेवणाचा प्रश्न येथेंच निकालांत काढतों. फ्लॉरेन्सकडचा पाव अळणी असतो. मीठ घालावयास विसरले असें समजून आम्हीं तो परत करण्याच्या बेतांत होतों, पण तेथील चालच ती. घेवडा, पालेभाजी व शिळा पाव एकत्र शिजवून तेथें एक दाट आमटी करतात, ती आम्हांस मनापासून आवडली. उत्तरेकडे मक्याचा जाडसर रवा शिजवून पोलेंता करतात. वर तूप असतें तर ती आपल्याकडचीच म्हणून खपली असती. शाकाहारी वाचकांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं ज्या प्रसिद्ध कडक चीजचा कीस हरएक पदार्थावर भुरभुरतात, त्याचें दूध वासराच्या कोठ्यांतील विरजणानें फाडलेलें असतें. हें आम्हांस तिसऱ्या दिवशीं कळलें. पहिल्या दोन दिवसांविषयीं आम्हीं घरीं मौन पाळलें होतें. तें आज सुटलें.

आतां व्हेरोना. उत्सव म्हणून आम्ही ज्यासाठीं गेलों तो येथला. आदिजे नदीच्या वळणांत वसलेलें हें टुमदार शहर. त्याच्या ऐन मध्यावर, चौकाला लागून, रोमन लोकांनीं इसवी सनाच्या पहिल्या शतकांत बांधलेलें लंबवर्तुळाकार रिंगण आहे. दगड जवळच्या डोंगरांतला, गुलाबी झांक असलेला. १११७ सालच्या भूकंपानें त्याची बाहेरची भिंत पाडली. तिच्या चार कमानी तेवढ्या शिल्लक आहेत. पण आंतल्या पायऱ्यांची वाटी शाबूत राहिली. ह्या रिंगणाला ‘आरेना’ म्हणतात. आरेना ह्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ वाळू; झुंजींसाठीं जी वाळू मध्यें पसरीत तिच्यावरून सबंध इमारतीला तें नांव पडलें. आमच्या खासबागेला कोणी ‘तांबडी माती’ म्हटलें तर जसें होईल तसेंच हें.

ह्या आरेनांत १९१३ सालीं, वेर्दी ह्या संगीतकाराच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानें, जोव्हान्नी झेनातेल्लो नांवाच्या गवयानें पुढाकार घेऊन ‘आइडा’ ह्या संगीतनाटकाचा प्रयोग करविला. तारीख १० ऑगस्ट. तेव्हांपासून दोन महायुद्धांच्या काळांतील खंड सोडला तर दर उन्हाळ्यांत येथें उघड्या आकाशाखालीं नाटकें होतात व हजारों लोक दगडी पायऱ्यांवर बसून तीं ऐकतात. १९१३ हें साल लिहितांना आमची लेखणी क्षणभर अडखळली. त्याच वर्षीं शाहू महाराजांनीं खासबागेच्या पाठीस पाठ लावून पॅलेस थिएटरचा पाया घातला. १९१५ सालीं तें खुलें झालें. एकाच रोमन कल्पनेच्या ह्या दोन शाखा, एक तेथें व एक येथें, एकाच सुमारास पालवल्या म्हणावयाच्या.

आम्हीं जाणूनबुजून शेवटच्या पायऱ्यांवरचीं तिकिटें काढलीं. एक तर तीं स्वस्त. आणि दुसरें असें कीं पुढच्या गादीच्या खुर्च्यांवर बसून रिंगणाची परीक्षा होत नाहीं. वरच्या पायऱ्यांवर जागेचा क्रमांक नसतो, म्हणून संध्याकाळींच जाऊन बसावें लागतें. दिवसभर तापलेला दगड रात्रीं दहापर्यंत ऊब धरून असतो. अनुभवी मंडळी बसकुरें, पाण्याच्या बाटल्या, फळें घेऊन आलीं होतीं. आमच्या शेजारच्या कुटुंबांत तर आजीपासून नातवापर्यंत सात माणसें होतीं व त्यांची शिदोरी सोडण्याची धांदल पाहून जोतिबाच्या यात्रेची आठवण झाली. अंधार पडूं लागला तसतशा वरच्या पायऱ्यांवर लोकांनीं लहान लहान मेणबत्त्या लावल्या. पूर्वीं नाटकाची संहिता हातांत धरून वाचण्यासाठीं लोक मेणबत्त्या आणीत, त्याची ही राहिलेली रूढि. मग रंगमंचावर मोठी घंटा वाजली व हजारों माणसांची कुजबूज बंद झाली.

प्रयोग होता वेर्दीच्याच ‘नाबुको’चा. हें त्याचें १८४२ सालचें नाटक. बाबिलोनच्या राजानें यहुदी लोकांना पाडाव करून नेलें, ती कथा. येथें आमच्या वाचकांना सूचना अशी कीं ऑपेरा म्हणजे आपलें संगीत नाटकच, असें समजून जाणाऱ्याची फसगत होते. आपल्याकडे गद्य चालतां चालतां पद येतें, पदांत नट गवई होतो, त्याला वाटेल तितका तो आळवितो, आणि ‘वन्स मोअर’ मिळाला कीं नाटकांतला राजा कथानक बाजूला ठेवून पुन्हा मैफल मांडतो. ऑपेरांत दरवाजा उघडा असें सांगावयाचें तरी गाऊनच सांगतात. आणि कोणता सूर कोणीं किती वेळ धरावयाचा हें संगीतकारानें कागदावर बांधून ठेवलेलें असतें. गवयानें आपल्या मनचा आलाप घेतला तर शंभराच्या आसपास वादकांचा मेळा कोठल्या कोठें जाईल.

पहिला अंक आम्हीं मोठ्या नेटानें ऐकला आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर त्यांत आमचें मन बसलें नाहीं. त्याचें कारण आम्हीं तेथेंच शोधलें. तंबोरा नव्हता. आपल्या गाण्यांत तंबोरा षड्ज धरून बसलेला असतो. गवई कोठेंहि भटकला तरी घर जेथल्या तेथें असतें, आणि त्या घरीं तो कोणत्या वाटेनें परत येतो हें पाहण्यांतच आपली गोडी. ह्यांच्या गाण्यांत घरच दर थोड्या वेळानें बिऱ्हाड हलवितें. षड्ज म्हणून जो सूर मनानें धरावा तो पुढच्या वळणावर षड्ज राहत नाहीं. शिवाय खालून एक, वरून एक, मधून तिसरी अशा सुरावटी एकदमच चालतात. देवल क्लब १८८३ पासून कोल्हापूरचे कान घडवीत आला आहे, पण ते एका सुराच्या मागें जाण्यासाठीं घडविले; तीन वाटांनीं एकदम जाण्याची त्यांना संवय नाहीं. हा दोष ना त्यांच्या गाण्याचा, ना आमच्या कानांचा. सौ.नीं मात्र अधिक सोपा उपाय काढला होता. त्या बायकांचे झगे पाहत होत्या.

पण आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर ह्या पहिल्या अंकांतच मिळालें. गवयांच्या पुढें आम्हांस ध्वनिक्षेपक दिसला नाहीं; ही ह्या उत्सवाची जुनी रीत. तरीहि शेवटच्या पायरीवर, इतक्या दूर कीं नटाचें तोंड अंगठ्याच्या नखाएवढें दिसावें, एकट्या गवयाचा शब्द सर्व वाद्यांवरून तरंगत कानावर येत होता. मोठा नव्हे, धारदार. ह्याचें शास्त्र स्वीडनच्या योहान सुंडबेर्ग ह्या पंडितानें १९७० नंतर उलगडून दाखविलें आहे. मोठ्या वाद्यमेळ्याचा सर्व जोर खालच्या कंपनांत, सेकंदास ५०० च्या आसपास, असतो आणि वर तो उतरत जातो. शिकलेला गवई घशाची पोकळी अशी जुळवितो कीं त्याच्या आवाजांत सेकंदास सुमारें ३००० कंपनांच्या आसपास एक तेजदार पट्टा उमटतो. त्या ठिकाणीं वाद्यांची गर्दी नसते आणि माणसाचा कान तेथेंच अति तिखट असतो. म्हणजे गवई वाद्यांशीं झुंजत नाहीं. त्यांनीं मोकळ्या सोडलेल्या वाटेनें निघून जातो. आमचे ध्वनिक्षेपकापूर्वींचे नट उंच पट्टींत, खुल्या गळ्यानें गात, त्यालाहि असेंच कांहीं कारण असावें. शास्त्र ठाऊक नसेल. पण शेवटच्या रांगेंतला चार आण्यांचा प्रेक्षक त्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या अंकाच्या सुमारास पाऊस आला. प्रथम दहा-पांच थेंब. तेवढ्यानें वादक उठले आणि आपापलीं वाद्यें पोटाशीं धरून आंत पळाले. माणसाहून उंच अशीं फिडलें दोन हातांनीं उचलून नेतांना जी त्यांची तारांबळ झाली ती पाहून मुलें टाळ्या पिटूं लागलीं. लोक मात्र हलले नाहींत. छत्र्या, पातळ आंगरखे बाहेर निघाले. शेजारच्या आजीबाईंनीं आपल्या आंगरख्याचें एक टोंक सौ.च्या डोक्यावर धरलें. कोल्हापूरच्या माणसास पावसाची काय मातब्बरी! पण दगड थंड पडला व आमच्या कमरेनें तक्रार सुरू केली. अर्ध्या तासानें पाऊस थांबला, रंगमंच पुसला गेला, आणि खेळ पुढें सुरू झाला.

मग तें समूहगीत आलें, ज्यासाठीं हें नाटक प्रसिद्ध आहे. नदीच्या कांठीं कैदी बसलेले आहेत व हरवलेल्या देशाची आठवण काढून गात आहेत. आम्हीं कान सांवरून बसलों आणि काय आश्चर्य, वाट सांपडली! इतका मोठा समुदाय, पण बहुतेक सारा वेळ सर्व गळे एकाच सुरावटींतून चालले होते. एकच सूर, दबलेला, हळूहळू चढत जाणारा. त्याच्या मागें जाण्यास आमच्या कानांना कोणाची परवानगी लागली नाहीं. वेर्दी १९०१ सालीं वारला तेव्हां मिलान शहरांत त्याच्या अंत्ययात्रेच्या वेळीं तोस्कानीनींनीं शेंकडों गळ्यांकडून हेंच गीत गावविलें होतें, हें आम्हीं वाचलें होतें. पण वाचणें निराळें. शेवटचा सूर त्यांनीं इतका बारीक करीत नेला कीं तो संपला केव्हां आणि नुसतें ओल्या दगडांचें थंडपण केव्हां उरलें, हें कळलें नाहीं. त्या सुराच्या वेळीं आमच्या पायरीवर कोणी खोकलेंहि नाहीं. मग टाळ्या आणि ‘बीस, बीस’ असा गजर झाला. हा त्यांचा वन्स मोअर. कागदाला बांधलेले ते लोकहि ह्या गीतापुढें कागद विसरतात. त्यांनीं तें पुन्हा म्हटलें. दुसऱ्या खेपेस आमच्या डोळ्यांपुढें बाबिलोन नव्हतें. आर्नोच्या संगमावरची रात्र होती.

आतां आत्याबाईंकडे वळतों. त्यांचें वय आज ८४. त्यांचे वडील शाळामास्तर. पगार बेताचा व नाटकाचा नाद भारी. पॅलेस थिएटरांत चांगलें नाटक लागलें कीं लेकीला घेऊन ते शेवटच्या रांगेंत जाऊन बसत. मध्यें खांब नाहीं, नजर अडत नाहीं, गाणें थेट येतें. मग पुढें बसण्यास अधिक पैसे कां द्यावेत, असा त्यांचा हिशेब. ज्यांच्या नांवानें पुढें तें नाट्यगृह ओळखलें जाऊं लागलें ते संगीतसूर्य केशवराव भोसले १९२१ सालींच, अवघ्या ३१ व्या वर्षीं, वारले होते. पण त्यांचा आवाज ज्यांनीं ऐकला होता अशीं माणसें तेव्हां त्या रांगेंत बसलेलीं असत आणि मध्यंतरांत त्याच्याच गोष्टी सांगत. आत्याबाईंचें सगळें गाणें हें असें मागून आलेलें आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं त्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशीं केशवरावांची जयंती होती. आमच्या गच्चीवरून आकाश तांबडें झालेलें दिसत होतें. आत्याबाईंना कोणी सांगितलें नव्हतें, त्या जिना चढून आपणच वर आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि कांहीं वेळानें म्हणाल्या, "लाकूड जळतंय. नुसतें कापड नव्हे." शहरांतले नट, वाजविणारे, पडदे ओढणारे रस्त्यावर उभे राहून रडले. नाट्यगृह पूर्वीं होतें तसेंच उभारण्याचें शासनानें पुढें ठरविलें, ही गोष्ट चांगली झाली. पण ‘तसेंच’ ह्या शब्दाची आत्याबाईंना धास्ती वाटते. भिंती तशाच उभ्या करतां येतात, खुर्च्या अधिक मऊ करतां येतात. आवाज तसाच उभा राहील का? हल्लीं नवें घर बांधलें कीं पहिल्या दिवसापासून चारी कोपऱ्यांत ध्वनिवर्धक टांगतात आणि मग भिंतींनीं काय करावयाचें तें कोणी विचारीत नाहीं.

म्हणून त्यांचा तो प्रश्न. आम्हीं सर्व हकीकत सांगितली: दगड, मेणबत्त्या, पाऊस, शेजारच्या आजीबाई, तीन हजार कंपनें आणि ओल्या पायरीवर बारीक होत गेलेला तो सूर. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें. छत्रीपाशीं टोपी काढून उभ्या राहिलेल्या गृहस्थांची गोष्ट त्यांनीं दोनदां सांगावयास लावली. मग रिकामी बाटली मागून घेतली, तिला पदरानें पुसलें आणि म्हणाल्या, "दोन हजार वर्षांच्या पडक्या दगडांतून शेवटपर्यंत पोंचतें म्हणतोस, तर ह्यांना जमायला काय हरकत आहे? उघडेल तेव्हां पहिल्या खेळाचें माझें तिकीट काढून ठेव. पुढचें काढशील सवयीनें, म्हातारी म्हणून. शेवटच्या रांगेचें काढ."

आम्हीं बरें म्हटलें. बसावयास खालीं कांहीं घेऊं का, असें सौ.नीं विचारलें, तेव्हां मात्र त्या हंसल्या.